दोन जावा आणि चोवीस विष्णू

नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याचं, बालाघाटाच्या रांगांमधलं मोठं गाव. या सगळ्या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं मोजायचं माप बदलतं. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि ऊसतोडीच्या टोळीत माणसं किती, असं कोणी विचारत नाही. कोयते किती, असं विचारतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडीदार नसला तर अर्धा. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते, हिशेब कोयत्यावर होतो. गाडीत लेकरं बसतात, कधी म्हातारी बसते, पण ती मापात धरत नाहीत.

याच पट्ट्यातल्या घरांतली मुलं आता पुण्याला हिंजवडीत आणि खराडीत बसतात. तिथलं माप वेगळं आहे असं वाटतं, पण नव्या प्रोजेक्टची जुळवाजुळव चालू असताना कान देऊन ऐकावं: ‘दोन जावा, एक रिअ‍ॅक्ट, एक टेस्टिंग, आणि अर्धा डेव्हऑप्स चालेल.’ घरच्या बाईला ‘दोन जावा’ म्हणजे काय हे वेगळ्या अनुभवाने ठाऊक असतं, ते सोडा. इथे जावा म्हणजे जावा येणारा माणूस. अर्धा डेव्हऑप्स म्हणजे ज्याचा निम्मा वेळ दुसऱ्या कामाला लावलेला आहे असा. काम नसलेले ‘बेंच’वर. बापाला कोयत्याने मोजलं, मुलाला भाषेने मोजलं. पगारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो कोणी नाकारू नये. मोजण्याची रीत मात्र घरातलीच निघाली.

मुलालाही ती रीत इतकी अंगवळणी पडते की कोणी ‘तू कोण’ असं विचारलं की तो यादी देतो. नाव, मग अवगत भाषा, मग आवडती साधनं: एडिटर कुठला, डेटाबेस कुठला, लिनक्स की मॅक. सगळ्यात खाली, जागा उरली तर, आवडीनिवडी: ट्रेकिंग, क्रिकेट, ओपन सोर्स. प्रश्न असा की या यादीत माणूस कुठे आहे? ती साधनं वजा केली तर खाली काही उरतं का?

प्रश्न नवा नाही, आणि या मुलखाला तर मुळीच नाही. केजच्या शेजारी अंबाजोगाई. तिथे मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांचा विवेकसिंधु शके 1110 चा, म्हणजे इसवी सन 1188 चा मानला जातो, आणि मराठीतला आद्य ग्रंथ हा मान पुष्कळांनी त्याला दिला आहे. काळाबद्दल आणि स्थळाबद्दल वाद आहेत. विदर्भातलं आंभोरंही मुकुंदराजांवर हक्क सांगतं. पण ग्रंथाचा विषय निर्विवाद आहे. देह म्हणजे मी का, इंद्रियं म्हणजे मी का, मन म्हणजे मी का, असं एकेक पान उलटत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे नव्हे’ म्हणून पुढे सरकायचं. मराठी ग्रंथलेखनाची सुरुवातच ‘मी कोण’ या विचारणेने झाली असं अंबाजोगाईकर अभिमानाने सांगू शकतात.

त्याच शतकातलं दुसरं पुस्तक या यादीच्या प्रश्नाला आणखी जवळून भिडतं, आणि ते गणिताचं आहे. भास्कराचार्यांची लीलावती, 1150 सालची. त्यांच्या विज्जडविड या गावाचा अर्थ बीड असा लावणारेही आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख सापडल्यामुळे अभ्यासक सहसा तिकडे बोट दाखवतात. लीलावतीत एक उदाहरण आहे. शंभूला दहा हात आणि दहा आयुधं: पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. ही आयुधं हातोहात बदलत गेली तर शंभूची रूपं किती? आणि शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या अदलाबदलीने चतुर्भुज हरीची रूपं किती? उत्तर आज शाळकरी मुलगाही काढील: शंभूची 36,28,800, हरीची 24.

हरीचं उत्तर कागदावरच राहिलेलं नाही. संध्येत केशवापासून कृष्णापर्यंत जी चोवीस नावं घेतात, त्या चोवीस मूर्ती शिल्पशास्त्राने याच हिशेबाने वेगळ्या केल्या आहेत. चारही आयुधं तीच, हातही तेच. कोणतं कुठल्या हातात, एवढ्यावरून नाव बदलतं. मूर्ती ओळखणारा आधी हातांकडे बघतो आणि मगच हा केशव की माधव ते सांगतो. रिक्रूटरही हेच करतो. बॅकएंडचं पायथन मुख्य आणि फ्रंटएंडचं रिअ‍ॅक्ट जोडीला असेल तर एक पद, उलट असेल तर दुसरं, पगार तिसराच.

फरक इतकाच की चोवीस मूर्ती घडवणाऱ्याला विष्णू एकच आहे हे ठाऊक होतं. (या मोजणीच्या खेळात मराठवाडा मागे नव्हता. देवगिरीला यादव सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात सप्तस्वरांच्या क्रमांची मोजणी करण्याची आणि क्रमांकावरून नेमका क्रम परत काढण्याची रीत दिली आहे. संगणकशास्त्राचे ज्येष्ठ आचार्य डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या महाग्रंथाच्या चौथ्या खंडात या विद्येचा इतिहास सांगताना त्याची दखल घेतली. यावरून आमच्याकडे प्रोग्रॅमिंग आधीच होतं अशी आरोळी ठोकू नये. होतं ते मोजणीचं वेड, आणि ते पुरेसं कौतुकाचं आहे.)

आता सांख्यांकडे वळावं, कारण साधनांची सगळ्यात निर्दय यादी त्यांनी केली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत करणं तेरा मोजली आहेत. करण म्हणजे ज्याच्यायोगे काम होतं ते, सरळ अर्थाने साधन. पाच कर्मेंद्रियं, पाच ज्ञानेंद्रियं, इथपर्यंत कोणाची हरकत नसते. हात हे साधन आहे हे कीबोर्डवर मनगट दुखल्यावर कळतंच. पण यादी तिथे थांबत नाही. मन, अहंकार आणि बुद्धी हीसुद्धा करणंच. म्हणजे कोड लिहिणारी बोटं साधन, बग शोधणारी बुद्धीही साधन आणि ‘हे मी लिहिलं’ म्हणणारा तोही साधनांच्याच पेटीतला. डेव्हलपरने व्हिम, गिट, डॉकर अशी यादी करावी आणि सांख्याने येऊन खाली तीन ओळी वाढवाव्यात: माझी तर्कबुद्धी, माझं लक्ष, माझं मीपण. पुरुष या सगळ्याच्या पलीकडे, नुसता बघणारा. त्याचं कौशल्य शून्य. मुलाखतीत तो पहिल्याच फेरीत नापास होईल.

हे केवळ शब्दांचे खेळ आहेत असं वाटत असेल तर 31 डिसेंबर 2020 ही तारीख आठवावी. त्या दिवशी अ‍ॅडोबीने फ्लॅशचा पाठिंबा बंद केला. दशकभर आधी ‘फ्लॅश डेव्हलपर’ ही मानाची ओळख होती. वेबवरचे खेळ, जाहिराती, लग्नपत्रिकासुद्धा फ्लॅशमध्ये नाचत. साधन मेलं. त्यावर नाव कोरून बसलेली माणसं जावास्क्रिप्टकडे गेली, कोणी गेम इंजिनांकडे, कोणी व्यवस्थापनात. ज्यांना जाता आलं त्यांच्याकडे फ्लॅशखेरीज आणखी काहीतरी होतं, आणि ते त्यांच्या यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. विवेकसिंधुचा ‘हे नव्हे’ अ‍ॅडोबीने एका घोषणेत शिकवला. ऊसतोडणीचं यंत्र शेतात उतरतं तेव्हा बीडच्या कोयत्यांसमोरही हाच धडा उभा राहतो, फक्त त्यांना दुसऱ्या भाषेचा कोर्स लावायची सोय नसते.

आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत यांचं उदाहरण बीडमध्ये पुष्कळदा सांगितलं जातं. इन्फोसिसमध्ये ऑफिसबॉयचं काम, मग अ‍ॅनिमेशन, मग पायथन, मग स्वतःचं डिझाइनचं सॉफ्टवेअर. लॉकडाऊनमध्ये गावी परतून माळावर मांडलेलं काम आणि शेवटी शार्क टँक. गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, ती तशी आहेच. पण तत्त्वज्ञानाच्या अंगाने तिच्यात वेगळंच लक्षात राहतं. या माणसाच्या हातातलं साधन तीन-चारदा बदललं, आणि दर वेळी लोकांनी त्याला नवं नाव दिलं. माणूस कुठल्या टप्प्यावर ‘खरा’ झाला, हे त्या नावांवरून ठरवता येत नाही.

साधनांवरचं प्रेम मात्र खोटं नसतं. संगणकाच्या जगात त्याने पंथ निर्माण केले. व्हिम आणि इमॅक्स या दोन एडिटरांमधला जुना वाद शैव-वैष्णवांच्या वादासारखाच, थोडा खरा आणि बराचसा हौशी. इमॅक्सचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन तर भाषणात झगा घालून, डोक्यामागे जुन्या हार्ड डिस्कची चकती प्रभावळीसारखी लावून, ‘चर्च ऑफ इमॅक्स’चे संत म्हणून उभे राहत. थट्टाच, पण स्वातंत्र्याबद्दल त्यांना जे म्हणायचं होतं ते त्या थट्टेत शाबूत असे.

व्हिमवाल्यांकडे थट्टा नाही, दान आहे. टर्मिनलवर नुसतं व्हिम असं टाइप करून एंटर मारलं की काळा पडदा येतो, डाव्या कडेला खालपर्यंत लाटेसारखी चिन्हं, आणि मधोमध आवृत्ती, कर्त्याचं नाव आणि युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी विनंती. ब्रॅम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने 1991 मध्ये व्हिम प्रसिद्ध केला. पैसे मागितले नाहीत; द्यायचेच असतील तर युगांडातल्या किबाले भागातल्या अनाथ मुलांसाठी द्या, असं सांगितलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते वारले. व्हिम चालूच आहे, बाकीची मंडळी सांभाळताहेत. कर्मफळाच्या त्यागावर तासभर प्रवचन ऐकून जे डोक्यात शिरत नाही ते हा पडदा रोज सकाळी, कोणी वाचो न वाचो, दाखवतो. पुण्यातला मुलगा बहुधा वाचत नाही. त्याला घाई असते, तो थेट फाइल उघडतो.

इथे कर्तेपणाचा प्रश्न येतो, आणि तोच या सगळ्याचं मूळ आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. हे असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं पुढे म्हटलं आहे. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा हा भाग सावकाश उलगडला. पाच कारणांचं हे कोष्टक आजच्या कामावर ठेवून पाहिलं तर ते चपखल बसतं. परम 8000 हा महासंगणक घ्या. अधिष्ठान पुणे, 1988 मध्ये तिथे स्थापन झालेली सी-डॅक. कर्ता म्हणाल तर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर आणि त्यांचे सहकारी. करणं म्हणजे ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, शेकड्याच्या हिशेबात नव्हे तर मुळात चौसष्ट नोडांच्या मांडणीत जोडलेले. चेष्टा तीन वर्षांची. आणि दैव? अमेरिकेने हव्या तितक्या ताकदीचा क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, हे दैव. 1991 मध्ये यंत्र उभं राहिलं. भटकर पुढे अध्यात्म आणि विज्ञान यांच्या सांध्यावर खूप बोलत राहिले. पण त्यांचं सगळ्यात चांगलं प्रवचन बहुधा हे यंत्रच, कारण त्यातून पाचातलं कुठलंही एक काढलं तर ते उभं राहत नाही.

प्रोग्रॅमरांनी कर्तेपणाची नोंद ठेवायला जे साधन केलं ते याहून कमी सूक्ष्म नाही. लिनस टोर्वाल्ड्स यांनी 2005 च्या एप्रिलमध्ये गिट लिहिलं. गिट प्रत्येक बदलावर एक नाही, दोन नावं ठेवतं: बदल लिहिणारा आणि तो भांडारात दाखल करणारा. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात म्हणून लक्षात येत नाही. ‘गिट ब्लेम’ असा हुकूम सोडला की फाइलमधली प्रत्येक ओळ कोणी, कधी बदलली ते समोर येतं. त्याआधीच्या सबव्हर्जन या साधनात याच हुकुमाला ‘प्रेज’ असं दुसरं नाव होतं. निंदा टाइप करा की स्तुती, उत्तर तेच. गीतेच्या बाराव्या अध्यायातला भक्त दोन्ही समान मानतो असं सांगितलं आहे. सबव्हर्जनने ते अमलात आणलं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये तर एका बदलाखाली नावांची रांग लागते. बग कळवणारा वेगळा, उपाय सुचवणारा वेगळा, तपासणारा, चालवून पाहणारा. एका ओळीचे कर्ते पाच-सहा. त्यात 2004 पासून एक सही सक्तीची आहे, ‘साइन्ड ऑफ बाय’. हा मजकूर इथे द्यायचा मला अधिकार आहे, असं माणसाने स्वतःच्या नावानिशी सांगायचं. मालकीवरून कोर्टकज्जे सुरू झाल्यावर आलेली ही प्रथा. श्रेय कितीही वाटा, जबाबदारीची सही एका नावाने झाली पाहिजे.

जनाबाईची कथा इथे ठेवून बघण्यासारखी आहे. गंगाखेडची जनी जात्यावर बसते आणि पंढरीचा विठ्ठल खुंट्याला हात लावतो. दळण कोणी दळलं? जनी म्हणते त्याने, तो म्हणतो तिने. गंमत अशी की पीठ कमी पडलं तर जाब जनीलाच, दासी म्हणून. देवाला कोणी विचारणार नाही. आज कोड लिहायला हात लावणारा नवा सोबती आला आहे. गिटहबचा कोपायलट 2021 मध्ये दिसला, चॅटजीपीटी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये, आणि आता नव्या मुलाच्या साधनांच्या यादीत पहिलं नाव याच जातीचं असतं. अर्धं कोड तो लिहितो. कोणाला ही फसवणूक वाटते, कोणाला मुक्ती. सांख्याच्या लेखी यात धक्का बसण्यासारखं काही नाही: बुद्धी करणच होती, आता तिचा एक भाग बाहेर भाड्याने मिळतो.

धोका आहे तो दुसऱ्या बाजूला, आणि तिथे वेदान्ताचा आधार घेणाऱ्यांना जरा अडवलं पाहिजे. ‘मी कर्ता नाही’ हे वाक्य बढतीच्या वेळी कोणी म्हणत नाही. प्रॉडक्शन, म्हणजे चालती प्रणाली, पडल्यावर म्हणतात. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात 1999 पासून फुजित्सूची होरायझन नावाची प्रणाली आली. तिच्या दोषांमुळे टपाल कार्यालयांच्या हिशेबात न झालेल्या तुटी दिसू लागल्या. तिकडच्या कायद्याचं गृहीतक असं, की उलट पुरावा येईपर्यंत संगणक बरोबर चालतो असं मानायचं. नऊशेहून अधिक सब-पोस्टमास्तर दोषी ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना 2010 मध्ये गरोदरपणी तुरुंगात जावं लागलं. लंडनच्या न्यायालयाने 2019 मध्ये प्रणाली सदोष होती असा निवाडा दिला, शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला 2024 उजाडलं. एवढ्या वर्षांत सदोष ओळ कोणी लिहिली, कोणी तपासली, कोणाला माहीत होतं, याची उत्तरं एकमेकांकडे ढकलली गेली. पाची कारणं हजर, कर्ता गैरहजर. गीतेचं कोष्टक इतकं सोयीचं करून घेता येतं.

म्हणून त्या कोष्टकाचा उपयोग एकाच दिशेने करावा, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. यश मोजताना पाची कारणं मोजावीत. चूक निस्तरताना आपल्या नावाची ओळ आधी काढावी. तर्काने पाहिलं तर ही दुटप्पी रीत आहे. कर्ता खरंच नसेल तर दोन्हीकडे नसावा. पण संतांच्या आचरणात तर्कापेक्षा ही दुटप्पी रीतच जास्त दिसते. अरणच्या सावता माळ्याने मळ्याचं श्रेय विठ्ठलाला दिलं असेल, पाणी द्यायचं काम त्याच्यावर ढकललं नाही.

तेरचे गोरोबाकाका तर साधनानेच माणूस तपासत. कथा प्रसिद्ध आहे: संतमेळा जमलेला, मुक्ताबाई विचारते, काका, यातलं पक्कं मडकं कुठलं, कच्चं कुठलं? काका मडकं घडवायचं थापटणं उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकीचे गप्प राहतात, नामदेव रागावतो. मडकं कच्चं ठरतं, आणि नामदेवाला औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागतं. आजच्या कोडिंग राउंडमध्येही असंच थापटणं असतं, फक्त तिथे मडक्याचा आवाज ऐकत नाहीत, आकार मोजतात: अल्गोरिदम आला का, किती मिनिटांत आला. रागावला का, हे कोणी नोंदवत नाही. खरं तर कोड रिव्ह्यूमध्ये पहिली टीका आल्यावर मुलगा काय करतो, यावरून गोरोबांना हवं ते सगळं कळलं असतं. चांगले टेक लीड गुपचूप तेवढंच बघतात.

नांदूरघाटच्या बाजूने दर हंगामाला गाड्या निघतात तेव्हा त्यांत कोयते मोजून भरलेले असतात, आणि हिंजवडीच्या शीटवर जावा, रिअ‍ॅक्ट भरलेले असतात. ही मापं लगेच बदलणार नाहीत, कारण पैसा त्यांच्यावर चालतो. तोवर जावावाल्या मुलाने निदान स्वतःची यादी भरताना एक ओळ वाढवायला हरकत नाही: कुठल्या चुकीवर आपलं नाव आहे आणि ती आपण कशी निस्तरली. मुलाखत घेणाऱ्यांपैकी काही जण ती ओळ वाचून पुढचा सगळा वेळ तिच्याबद्दलच विचारतील.